अंगठ्याचे वीस शिलिंग

सर इंग्रजीचे निवृत्त प्राध्यापक. वकीलबाई त्यांच्याच विद्यार्थिनी, एम. ए.ला त्यांच्याकडे 'बेओवुल्फ' शिकल्या, पुढे कायद्याकडे वळल्या आणि आता दिवाणी न्यायालयात वाटण्या, मृत्युपत्रं आणि बांधावरची भांडणं चालवतात. दोघांचा वाद जुना आहे. रोमन सैन्य निघून गेल्यावर अँगल, सॅक्सन आणि ज्यूट लोक ब्रिटनमध्ये येऊन वसले. १०६६ साली नॉर्मन येईपर्यंत त्यांचं राज्य चाललं. या सहाशे वर्षांत तिथली माणसं कशी जगत होती, हे कवितेत शोधायचं की कागदपत्रांत? मी मध्ये बसून ऐकत होतो. राहवलं नाही तिथे कंसात बोललो आहे.

सर : आधी शिल्लक किती ते सांगतो, म्हणजे भांडण त्या बेतानं करता येईल. जुन्या इंग्रजीतली जी कविता आज हाताशी आहे, ती सुमारे तीस हजार ओळींची, आणि तिच्यातली बरीचशी चार पोथ्यांत आहे. एक एक्सेटरच्या कॅथेड्रलमध्ये, एक ऑक्सफर्डला, एक इटलीत व्हेर्चेल्लीला जाऊन पडलेली आणि चौथी लंडनला. चौथीत 'बेओवुल्फ' आहे. १७३१ साली ती जिथे ठेवली होती त्या घराला आग लागली. पोथी वाचली, पण कडा करपल्या आणि पुढे कित्येक वर्षं त्या कडांवरची अक्षरं गळत राहिली. एक्सेटरच्या पोथीच्या सुरुवातीच्या पानावर सुरीचे चरे आहेत आणि भांड्याचा गोल डाग. कुणीतरी तिचा पाट करून टाकला होता. यातून जे वाचलं ते मी जन्मभर शिकवलं.

वकीलबाई : आणि ते लिहून कोणी ठेवलं, सर? मठातल्या लोकांनी, जनावरांच्या कातड्यावर. मोठी पोथी करायची तर कळपच्या कळप लागायचा. मग कातडं ज्याचं, गोष्ट त्याची. 'बेओवुल्फ'च्या ३१८२ ओळी आहेत. त्यात राजे आहेत, राण्या आहेत, योद्धे आहेत, तळ्याच्या तळाशी राहणारी राक्षसीण आहे, ड्रॅगन आहे. पेरणी कुठे आहे?

सर : अगं, ती गोष्ट इंग्लंडात घडतसुद्धा नाही. डेन्मार्क आणि दक्षिण स्वीडन. टॉल्किननं १९३६ सालच्या व्याख्यानात हेच ठणकावून सांगितलं होतं, की विद्वान या काव्यात इतिहास खणायला येतात आणि कविता वाचायची राहूनच जाते. तू तेच करतेस. कवितेला पिंजऱ्यात उभं करतेस.

वकीलबाई : पिंजऱ्यात तुम्हीच उभं केलंत. वर्गात काय सांगायचात? अँग्लो-सॅक्सन समाज स्वामिनिष्ठ होता, योद्धा धन्यासाठी जीव द्यायचा, धनी सोन्याची कडी वाटायचा, मोठ्या दालनात मद्य आणि हार्पवरचं गाणं चालायचं. आम्ही ते पेपरात लिहिलं आणि मार्क घेतले. ही साक्षच झाली की. फक्त तिची उलटतपासणी झाली नव्हती.

(तेच उत्तर गाईडमध्येही होतं, जवळजवळ त्याच शब्दांत.)

सर : बरं, घे उलटतपासणी. तुझा साक्षीदार कोण?

वकीलबाई : केंटचा राजा एथेलबर्ट. इसवी सन ६०० च्या आसपासचा त्याचा कायदा. इंग्रजी भाषेत लिहिलेला, आज उपलब्ध असलेला सगळ्यांत जुना मजकूर म्हणतात तो हाच. त्यात वीररस औषधालाही नाही. दर आहेत. अंगठा तोडला तर वीस शिलिंग. अंगठ्याचं नख गेलं तर तीन. मधलं बोट चार, अनामिका सहा, करंगळी अकरा. समोरचा दात सहा शिलिंग. साधा स्वतंत्र माणूस मारला तर शंभर शिलिंग. केंटच्याच नंतरच्या कायद्यात सरदाराचे तीनशे. पुढे वेसेक्सच्या राज्यात हेच आकडे दोनशे आणि बाराशे झाले.

सर : करंगळी मधल्या बोटाच्या जवळजवळ तिप्पट? का?

वकीलबाई : कायदा कारण देत नाही, दर देतो. आणि पुढचे दर ऐका. राजाच्या घरातल्या दासीवर कुणी हात टाकला तर पन्नास शिलिंग. ती जात्यावर दळणारी असेल तर पंचवीस. तिसऱ्या दर्जाची असेल तर बारा. ही भरपाई तिला नाही, तिच्या मालकाला. म्हणजे राजाच्या घरी दासींच्या तीन प्रती होत्या आणि त्यातली मधली पीठ दळत होती. तुमच्या दालनात योद्धे जी भाकर खात होते, तिचं पीठ कुणी दळलं ते तुमचा कवी सांगत नाही. एथेलबर्ट सांगतो, तेसुद्धा भावासकट.

सर : हे तू चांगलं मांडलंस. आता माझी पाळी. हा कायदा ६०० चा, पण त्याची प्रत कुठली? एकच. रॉचेस्टरला बाराव्या शतकात केलेली, म्हणजे पाचशे वर्षांनंतरची. तुझ्या कोर्टात असली नक्कल चालेल का?

वकीलबाई : मूळ हरवल्याचं शाबीत झालं तर चालेल.

सर : पुढे जाऊ. आल्फ्रेड राजाचा कायदा घे, नवव्या शतकातला. सुरुवातीला बायबलमधल्या मोझेसच्या आज्ञा आहेत, पानंच्या पानं. सगळी कलमं मिळून १२०. आणि बायबलप्रमाणे मोझेस जगला १२० वर्षं. हा योगायोग आहे असं तुला वाटतं? राजाला मोझेससारखं दिसायचं होतं. या कायद्यांचा आधार घेऊन एखाद्या खटल्याचा निकाल दिला, असं दाखवणारा दस्तऐवज अभ्यासकांनी शोधला, पण हाती काही लागलं नाही. कलमं म्हणजे समाज कसा असावा याचं चित्र. आमचा कवी दालन रंगवतो, तुझा राजा न्याय रंगवतो.

(इथे वकीलबाई थोड्या थांबल्या. मला वाटलं, सरांनी बाजी मारली. कायदा आणि व्यवहार यांतलं अंतर रोज बघणाऱ्या बाईला हे नव्यानं सांगायला नको होतं, पण त्यांनी स्वतःहून ते कबूल केलं नसतं.)

वकीलबाई : ठीक आहे, कायदे सोडते. कलमांत लोक कमी असतातच. लोक दस्तात असतात. विनफ्लॅड नावाच्या श्रीमंत बाईचं मृत्युपत्र आहे, दहाव्या शतकातलं. जमिनी, गुरं, कपडे, चादरी, पेट्या, पुस्तकं, सगळ्याची वाटणी. त्यात ती ईडगिफू नावाच्या मुलीला एक विणणारी आणि एक शिवणारी ठेवून जाते. विणणारीचं नाव ईडगिफू. घेणारीचं नावही ईडगिफू. दोन्हीकडे तेच नाव ठेवायला हरकत नव्हती, मालकी मात्र एकीचीच.

सर : त्याच मृत्युपत्रात तिनं बरेच गुलाम मुक्तही केलेत.

वकीलबाई : केलेत ना, आपल्या आत्म्याच्या भल्यासाठी. पण मला जास्त जवळची वाटते ती डरॅमची नोंद. गेटफ्लेड नावाची बाई काही लोकांना मुक्त करते. त्यातले काही कोण, तर वाईट दिवसांत ज्यांनी अन्नाच्या बदल्यात आपली डोकी तिच्या हवाली केली होती ते. दुष्काळ पडला, घरात दाणा नाही, तर स्वतंत्र माणूस जाऊन गुलाम झाला. कुणी त्याला लढाईत जिंकलं नव्हतं. नॉर्मन आल्यावर १०८६ साली सगळ्या मुलखाची मोजणी झाली, तेव्हाही नोंदलेल्या माणसांपैकी दहांतला एक गुलाम होता. एवढ्या मोठ्या गोष्टीवर तुमच्या तीस हजार ओळी काय म्हणतात?

सर : म्हणतात, पण ओरडून नाही. आणि एक विचारतो. एथेलबर्टनं दासीचा दर सांगितला. ती दासी काय म्हणाली? विनफ्लॅडच्या कागदावर ईडगिफूचं नाव आहे. ईडगिफूला त्या दिवशी काय वाटलं? तुझ्या सगळ्या दस्तांत बाई एक तर देणारी आहे, नाही तर दिली जाणारी. बाईचा आवाज एक्सेटरच्या पोथीत आहे. नवरा समुद्रापलीकडे गेलाय, त्याच्या नातलगांनी दोघांना वेगळं केलंय, तिला एका ओकच्या झाडाखाली जमिनीतल्या खोपीत राहायला लावलंय, आणि ती बोलते. नाव नाही, गाव नाही, तारीख नाही. तुझ्या दृष्टीनं शून्य पुरावा. पण त्या काळात बाईला एकटं टाकणं म्हणजे काय, हे दुसरीकडे कुठे मिळतं ते दाखव.

वकीलबाई : ती कविता बाईनंच रचली याला आधार नाही.

सर : पुरुषानं रचली असेल तरी त्याला तिचं दुःख एवढं ठाऊक होतं, हासुद्धा समाजाबद्दलचाच पुरावा झाला.

(माझ्या मते त्या दिवशीचा सरांचा सगळ्यात भक्कम मुद्दा हा होता. वकीलबाईंनी त्याला थेट उत्तर दिलं नाही, बाजू बदलली. मी त्यांच्या जागी असतो तर मीही तेच केलं असतं.)

वकीलबाई : आता मी तुम्हाला एक पत्र देते. फॉन्टहिलचं. विल्टशरमधल्या जमिनीचा वाद. दहाव्या शतकाच्या सुरुवातीला, आल्फ्रेडचा मुलगा एडवर्ड राजा असताना त्याला लिहिलेलं. लिहिणारा बहुधा ऑर्डलाफ नावाचा मोठा सरदार. मूळ चामड्याचा तुकडा आजही कँटरबरीला आहे, म्हणजे नकलेचा आक्षेप इथे चालणार नाही. गोष्ट सुरू होते आल्फ्रेड राजा असताना. हेल्मस्टन नावाचा गृहस्थ एकाचा कमरपट्टा चोरतो. चोरी उघडकीला आली म्हटल्यावर जो तो त्याच्या जमिनीवर दावा सांगायला धावतो. चोराची शपथ कोण मानणार, हे त्यांना माहीत.

सर : हे आजही ओळखीचं वाटतं.

वकीलबाई : वाटणारच. ऑर्डलाफ हा त्याचा धर्मविधीतला पालक, म्हणून तो मध्ये पडतो. पंच नेमतात. पंच म्हणतात, हेल्मस्टनकडे जमिनीचे दस्त आहेत, तेव्हा त्याला शपथ घेऊ द्यावी. दुसरा पक्ष ऐकत नाही, म्हणून सगळे वॉर्डरला आल्फ्रेडकडे जातात. राजा आतल्या खोलीत हात धूत असतो. हात धुऊन झाल्यावर तो विचारतो, पंचांचा निवाडा तुम्हाला का पटत नाही? सर, हा आल्फ्रेड. ज्याच्यावर तुम्ही दोन तास घ्यायचात, ज्यानं लॅटिन ग्रंथ इंग्रजीत आणले, ज्यानं व्हायकिंगांना थोपवलं. मला तो खरा वाटला तो इथे. हात धुताना लोक आत घुसलेत आणि त्यांचं भांडण ऐकतोय.

सर : पुढे?

वकीलबाई : ऑर्डलाफ शपथेला मदत करतो आणि त्या बदल्यात जमीन स्वतःच्या नावावर करून घेतो. हेल्मस्टननं ती हयातभर वापरायची, पण वागणूक चांगली ठेवायची. दीड-दोन वर्षांत पठ्ठ्या पुन्हा चोरी करतो, या वेळी मोकाट बैल. माग काढणारे त्याला गाठतात, तो पळतो, आणि पळताना काटेरी झुडपानं त्याचं तोंड ओरबाडतं. नंतर तो नाही म्हणायला लागतो तेव्हा तोंडावरचे ओरखडे त्याच्याविरुद्ध पुढे केले जातात. मी आजवर इतके पंचनामे वाचले, असा पुरावा नाही पाहिला.

सर : आणि शेवटी त्याला शिक्षा?

वकीलबाई : मुलखातून बहिष्कृत केलं. मग हे महाशय आल्फ्रेडच्या थडग्यापाशी गेले, तिथून मोहोर मिळवून नव्या राजाकडे आले आणि माफी घेतली. पण माझ्या पोटात शिरलं ते ऑर्डलाफचं गाऱ्हाणं. तो नव्या राजाला विचारतो, की पैसे देऊन मिटत नाही, शपथ घेऊन मिटत नाही, आणि खुद्द आल्फ्रेडनं दिलेला निवाडासुद्धा पुन्हा उकरायचा म्हटलं तर भांडण संपायचं कधी? दिवाणी कोर्टात जन्म काढलेल्या माणसानं हे वाचून हसावं की रडावं?

सर : तू हे पत्र माझ्याविरुद्ध आणलंस. पण हे साहित्य नाही असं कोण म्हणालं? राजाचे ओले हात, काट्यांचा ओरखडा, आणि सगळ्याच्या आड जमीन गिळून बसलेला, सज्जनपणे गाऱ्हाणं सांगणारा निवेदक. गद्य म्हणून मी हे दुसऱ्याच दिवशी वर्गात शिकवीन.

वकीलबाई : शिकवलं नाहीत. मुद्दा तोच आहे.

(अभ्यासक्रम ठरवणारी मंडळी कविता आधी ठेवतात आणि गद्याला आल्फ्रेडच्या एका प्रस्तावनेवर बोळवतात. इंग्लंडातही बराच काळ तसंच होतं. आपण फक्त क्रम उचलला. जाता जाता: अँग्लो-सॅक्सन क्रॉनिकल या त्यांच्या बखरीत ८८३ सालाखाली अशी नोंद आहे, की आल्फ्रेडनं रोमला आणि भारतात सेंट थॉमस व सेंट बार्थोलोम्यू यांच्या स्थानी दान पाठवलं. माणसं खरोखर इकडे पोचली का, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. पण हिंदुस्थान नावाचं काहीतरी त्यांच्या नकाशात होतं.)

सर : मी आता तुझ्या गुलामांकडे येतो, कारण तू मला तिथे अडकवलं आहेस. 'बेओवुल्फ'च्या शेवटच्या भागात ड्रॅगन का जागा होतो? कुणीतरी त्याच्या खजिन्यातला पेला उचलतो. तो कोण? मारहाणीला भिऊन पळालेला, आसरा शोधणारा माणूस. पेला नेऊन तो धन्याला देतो, म्हणजे धनी माफ करेल. ड्रॅगन चिडतो, गावं जाळतो, म्हातारा राजा लढायला जातो आणि मरतो. एवढी उलथापालथ एका पळपुट्यामुळे. आणि पोथीचं ते पान इतकं झिजलंय की तो कोण होता हे सांगणाऱ्या शब्दाचं पहिलं अक्षर तेवढं शिल्लक आहे. बरेच जण गुलाम वाचतात, काही जण सरदाराचा माणूस.

वकीलबाई : म्हणजे तुमच्या महाकाव्यात ज्याच्यामुळे सगळं घडलं, त्याला नाव नाही आणि त्याचा दर्जा पुसला गेलाय. तुम्ही माझीच केस मांडताय.

सर : नाव नाही हे कवीचं, पुसलं हे काळाचं. दोन्ही आरोप एकावर लादू नकोस. आणि 'मॉल्डनची लढाई' ही कविता बघ. ९९१ साली एसेक्समध्ये व्हायकिंगांशी लढताना बिर्टनॉथ हा सरदार पडतो, त्यानंतर एकेक जण बोलून लढायला पुढे जातो. त्यात डनेरे नावाचा साधा शेतकरी आहे. भाला हलवतो आणि बोलतो.

वकीलबाई : किती बोलतो?

सर : दोन ओळी.

वकीलबाई : आणि काय? धन्याचा सूड घ्या, जिवाची पर्वा करू नका. सरदार जे म्हणतात तेच. शेतकऱ्याला बोलू दिलं, पण संवाद सरदारांचे दिले.

सर : त्याला खरंच तसं वाटत नसेल, हे तू कशावरून ठरवलंस?

वकीलबाई : ठरवलं नाही. पण बीड या मठवासी इतिहासकारानं सांगितलेली इम्माची गोष्ट तुम्हीच आम्हाला सांगितली होतीत. ६७९ साली ट्रेंट नदीकाठच्या लढाईत हा तरुण योद्धा शत्रूच्या हाती सापडला. जीव वाचवायला म्हणाला, मी गरीब शेतकरी, लग्न झालेला, सैन्याला शिधा घेऊन आलो होतो. काही दिवसांत त्यांनी ओळखलं. कशावरून? चेहरा, वागणं आणि बोलणं. तोंड उघडलं की जात कळायची अशा समाजात तुमचा डनेरे सरदारांच्या थाटात बोलतो, म्हणजे तो कवीच्या तोंडानं बोलतो.

सर : उत्तम. हे मला सुचायला हवं होतं. इम्माचं पुढे काय झालं तेही सांग.

वकीलबाई : लंडनला एका फ्रिसियन व्यापाऱ्याला विकला. भाऊ मठाधिपती, तो याच्या नावानं प्रार्थना म्हणायचा आणि तेवढ्या वेळात याच्या बेड्या गळून पडायच्या, असं बीड लिहितो. बेड्यांचं सोडा. लढाईतला माणूस लंडनच्या बाजारात विकला जाऊ शकत होता, हे खरं.

सर : मग शेतकऱ्याचा खरा आवाज तुला कुठे सापडतो?

वकीलबाई : एल्फ्रिकच्या संवादात. सन १००० च्या सुमारास मठातल्या या गुरुजींनी मुलांना लॅटिन शिकवायला प्रश्नोत्तरं लिहिली. मुलं एकेक सोंग घेतात: कोळी, शिकारी, मीठ विकणारा, आणि सगळ्यांत आधी येतो तो नांगऱ्या. कितीही कडक थंडी असो, मालकाच्या धाकानं घरी थांबायची छाती होत नाही. पहाटे बैल जुंपायचे, फाळ लावायचा, दिवसाला एकरभर तरी नांगरायचं. सोबत पराणी घेतलेला पोऱ्या असतो, थंडीनं आणि ओरडून ओरडून त्याचा घसा बसलेला. मग बैलांना वैरण, पाणी, शेण काढणं. इतके कष्ट का, तर तो स्वतंत्र नाही.

सर : पण तो लॅटिन बोलतो. मठात शिकणारी मुलं, गुरुजींनी लिहिलेलं वाक्य, उद्देश व्याकरण. डनेरे कवीच्या तोंडानं बोलतो म्हणून बाद, आणि हा मास्तरांच्या तोंडानं बोलतो तो चालतो?

वकीलबाई : घसा बसलेला पोऱ्या व्याकरणासाठी लागत नाही, सर. तो एल्फ्रिकनं कुठेतरी पाहिला असणार.

सर : मान्य. मग माझंही एक घे. एक्सेटरच्या पोथीत नव्वदच्या वर कोडी आहेत. त्यातल्या एकात नांगर बोलतो. नाक जमिनीला लावून आपण कसे चालतो, माती कशी उलटते, ते सांगतो. आणि मागून वाकून चालणाऱ्या नांगऱ्याला तो म्हणतो, हा माझा धनी. सगळ्या 'बेओवुल्फ'मध्ये, सगळ्या मॉल्डनमध्ये धनी म्हणजे सोनं वाटणारा. इथे धनी म्हणजे पहाटे थंडीत उठलेला तो.

वकीलबाई : कोडं रचणाऱ्याला फक्त नांगर कोण चालवतो एवढंच सांगायचं असेल. वस्तूचा तो धनी, ही कोड्यांची रीतच आहे.

सर : असेल.

वकीलबाई : तरी नोंदवून घेते. नांगर तुमचा साक्षीदार, पोऱ्या माझा. दोघं एकाच शेतातले आहेत, म्हणजे जबान्या ताडून बघता येतील. पण पत्र वर्गात शिकवण्याजोगं आहे हे तुम्ही कबूल केलंत, ते आधी लेखी द्या.